टोस्टची चानकी

प्रिय रूथ,

रविवारी चर्चवरून येताना गाडीत तू जे विचारलंस त्याला मी "घरी गेल्यावर बोलू" म्हणाले आणि घरी आल्यावर धुतलेलीच भांडी परत घासत बसले, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. आज नाइट ड्यूटी आहे, वॉर्ड झोपलाय, एक आजोबा तेवढे मधूनमधून बेल वाजवतात, म्हणून फोनवर तुकड्यातुकड्यात लिहितेय. शुद्धलेखन बघू नकोस. एखादा शब्द अडला तर बाबाला विचार, पण त्याचं मत विचारू नकोस, तो पुण्याचा आहे, त्याला भाकरीतलं काय कळतंय.

तू विचारलंस, "आई, आपल्या कुत्र्याला, टोस्टला, तू देतेस ती छोटी भाकरी ही ख्रिश्चन गोष्ट आहे की मराठी? की तुला फक्त तुझ्या आजीची आठवण येते आणि तू त्याला देवाचं नाव देतेस?"

पहिल्या दोन भागांचं काही नाही गं. तिसरा लागला. कारण तो मी स्वतःला कधी विचारला नव्हता, आणि तेरा वर्षांच्या पोरीने विचारावा, तोही मागच्या सीटवर फोन बघत बघत.

मला माहितीय तुला लाज वाटली. हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या, उपासनेला सगळ्यांनी भोपळे, जॅमच्या बाटल्या, अंडी असं नीटनेटकं आणलेलं आणि मी फडक्यात गुंडाळून भाकरी नेली, वर पास्टरने विचारलं तर सगळ्यांसमोर सांगतही बसले की परातीतल्या शेवटच्या पिठाची एक बारकी भाकरी होते, तिला आम्ही चानकी म्हणतो, ती कुत्र्याची, आणि ती देताना आम्ही उपकार मानतो. सगळे "हाउ लव्हली" म्हणाले, तू बुटांकडे बघत होतीस. पुढच्या वर्षी जॅम नेऊ, चालेल.

पण आधी दुसऱ्या भागाचं सांगते. तुझ्या मैत्रिणीला वाटतं ना की आपण ऑस्ट्रेलियात येऊन चर्चला जायला लागलो, तिला एवढंच सांग की अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं 1813 ला आणि नगरला 1831 ला, आणि तुमच्या बेंडिगोत सोनं सापडलं 1851 ला. म्हणजे तुमचं हे गाव वसायच्या आधीपासून आमच्या नगरला मराठीत उपासना चालू होती. (हे जरा चढ्या आवाजात लिहिलंय, कळतंय मला.)

आणि आपण त्या मिशनमध्ये का गेलो हे मी तुला अजून नीट सांगितलेलं नाही. सांगेन, आज थोडंच सांगते. दादा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या आजोबांच्या वेळी आपलं घर गावकुसाबाहेर होतं आणि गावात कुणाचं जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आपल्या माणसांच्या वाट्याला होतं. जिवंत बैल दुसऱ्यांचे, मेलेले आपले. दादा हे कधी रागाने सांगायचे नाहीत, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "म्हणून जित्या जनावराला हात लावताना आपण जरा जपून लावायचा." बास, एवढंच. याच्यात ख्रिस्ती किती आणि मराठी किती, तूच सांग मला.

दादांची जमीन नेवासे तालुक्यात, नगर-औरंगाबाद रोडपासून आत, चार एकर कोरडवाहू. इथे आपल्या घरामागचं पॅडॉक फेब्रुवारीत जसं पिवळं पडून भेगाळतं ना, तस्सं, म्हणूनच मी हे घर बघितल्याबरोबर हो म्हणाले, बाबाला वाटतं भाव बघून म्हणाले. खळ्यावर ज्वारीची मळणी व्हायची, मधे तिवडा, म्हणजे रोवलेला खांब, त्याच्याभोवती बैल गोल गोल फिरायचे. फिरता फिरता ते खालची कणसं खातात म्हणून लोक त्यांच्या तोंडाला मुसकं बांधायचे, दोरीची जाळी असते तशी. दादा बांधायचे नाहीत. मळणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको असं शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे, आणि दादांनी अख्ख्या शास्त्रातून ही एक ओळ जणू स्वतःच्या नावावर करून घेतली होती. शेजारचे हसायचे, "मास्तर, पायलीभर ज्वारी बैलाच्या पोटात चालली." (दादा मास्तर नव्हते, पण वाचता येणाऱ्या ख्रिस्ती माणसाला गावात सगळे मास्तरच म्हणायचे.) आजी पण चिडायची. तिचं बरोबरच होतं, धान्य तिला पुरवायचं असायचं. 72 च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेलेली, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापलेल्या, तुटायच्या म्हणे, आणि नरड्याखाली उतरायच्या नाहीत. गंमत बघ, तो मिलो म्हणजे ज्वारीच. इथे क्वीन्सलंडकडे पिकते तसली, गुराकोंबड्यांना घालतात ती. इथल्या लोकांना सांगितलं की आम्ही ज्वारी खातो तर ते जरा थांबतात.

आता तुला कळेल टोस्टला आणायला गेलो त्या दिवशी मी गाडीत बसून का रडले. तुम्ही दोघं म्हणालात, आई एवढी इमोशनल का झाली, कुत्रा मिळतोय, मजा आहे. त्या बाईंनी त्याला बाहेर आणलं तेव्हा त्याच्या तोंडाला मुसकं होतं. प्लास्टिकचं, काळं. कानात आत हिरवट शाईने गोंदलेली अक्षरं, मांड्यांवरचे केस गेलेले, चार वर्षांचा आणि म्हणे शर्यतीतून रिटायर्ड. बाई म्हणाल्या आता व्हिक्टोरियात घरच्या ग्रेहाउंडला हे बांधायची सक्ती नाही, 2019 पासून नाही, पण नवीन जागी नेताना बरं असतं म्हणून घातलंय. मी ऐकत होते आणि मला खळं दिसत होतं. देव दिसला असं मी म्हणत नाही. खळं दिसलं.

आणि घरी आल्यावर तो काचेच्या दाराला धडकला, आठवतं? त्याला काच म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. पायऱ्या माहीत नव्हत्या, दोन पायऱ्यांसाठी तू त्याचा एकेक पाय उचलून ठेवत होतीस, पाऊण तास. त्या रात्री तू जेवायच्या आधी प्रार्थना केलीस ती मी शिकवलेली नव्हती. मी त्यावर काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तू परत केली नसतीस.

बरं, चानकी.

आजीला काही प्राण्यांचा फार लळा वगैरे नव्हता हं. दारातलं कुत्रं हाकलायला ती चपलेने मारायची. सुमनमावशीने मोत्याला आणलं, पिल्लू, रस्त्यावर ट्रकने मागचा पाय चिरडलेला, फ्रॉकच्या ओच्यात घालून आणलं, तेव्हा आजी म्हणाली, "आणखी एक तोंड. आधीची कमी हायेत का?" दोन दिवस ती त्याच्याकडे बघितलीही नाही. चानकी तर रोज व्हायचीच, परातीला चिकटलेलं पीठ खरवडून, तळहाताएवढी, जे कुत्रं येईल त्याला. तिसऱ्या दिवशी मी चुलीपाशी बसलेले, बघितलं तर चानकी बशीएवढी. पीठ खरवडलेलं नव्हतं, चांगला गोळा घेतलेला. मी आजीकडे बघितलं तर ती म्हणाली, "काय बघती? पीठ उरलं व्हतं." पीठ आमच्याकडे उरायचं नाही गं कधी.

देताना ती काय म्हणायची तर "देवा, तुझे उपकार." तीन शब्द. गावातल्या बायकाही कुत्र्याला भाकरी टाकायच्याच, कुणी गायीचा घास काढायचं, त्यांची पद्धत त्यांची. आजीने ती गावाकडून घेतली की चर्चकडून, हे मी तिला विचारलं असतं तर तिने मला पाणी आणायला पाठवलं असतं. पोळ्याचंही तसंच. दादा बैलांची पूजा करायचे नाहीत, मारुतीला फेरीला न्यायचे नाहीत, पण आदल्या दिवशी हळद-लोणी लावून खांदे मळायचे, शिंगं रंगवायचे, पुरणपोळी खायला घालायचे, आणि मग गोठ्यात टोपी काढून डोळे मिटून उभे राहायचे. पाळकसाहेबांना ते फारसं पटायचं नाही आणि गावालाही पूर्ण पटायचं नाही. बैलांना पटायचं बहुतेक.

आणि कवडीची गोष्ट. ती मी तुला सांगितली नाहीये कारण तिचा शेवट बरा नाही.

1986, मी आठ वर्षांची. कवडी ही माझी कोंबडी, पिल्लू असताना घारीने उचलून टाकलेली, तिला मी हळद लावून टोपलीखाली वाढवलेली, माझ्यामागे शाळेपर्यंत यायची. आमच्याकडे सुगी झाली की उपकारस्तुतीचा रविवार असायचा. लोक ज्वारीची कणसं, बाजरी, अंडी, भोपळे, कोंबड्या, कुणी करडूसुद्धा आणायचे, वेदीपुढे ठेवायचे आणि उपासना झाली की बाहेर लिंबाखाली त्याचा लिलाव, पैसे चर्चला. त्या वर्षी पाऊस चांगला झालेला आणि आजीने नवस नाही, नवस म्हणायचं नाही आमच्यात, तिने "बोलून ठेवलेलं" की एक कोंबडी देईन. सकाळी तिने कवडीचे पाय बांधले. मी अख्खी उपासना हुंदके दिले, लोकांना वाटलं पोरीला देवाचा स्पर्श झाला.

लिलावात बोली दहापासून सुरू झाली. वडाळ्याहून आलेले एक गृहस्थ वीसवर गेले, आणि मागून दादांचा आवाज, "पंचवीस." सगळे वळले. स्वतः दिलेली कोंबडी स्वतःच घेतोय. आजी कुजबुजली, "आवो, देवाला दिलेलं माघारी घेत्यात का?" दादा म्हणाले, "माघारी कुठं, इकत घेतोय." ते गृहस्थही इरेला पेटले, तीस, पस्तीस, चाळीस. दादांनी एक्कावन्न म्हटलं आणि विषय संपला. एक्कावन्न रुपयांत तेव्हा दोन गावरान कोंबड्या आल्या असत्या. बैलांची पेंड आणायचे पैसे होते ते, नंतर कळलं.

महिन्याभरात कवडीला मुंगसाने नेलं. आजी म्हणाली, "देवाचं व्हतं, देवानं नेलं." दादा म्हणाले, "देवानं कशाला, मुंगसानं नेलं." त्यावरून दोघं दोन दिवस बोलत नव्हती.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली की लोक विचारतात मग याचा अर्थ काय. मला माहीत नाही. मला लिंबाखालचा दादांचा तो आवाज आठवतो आणि छातीत काहीतरी होतं, आणि जे होतं त्याला माझ्याकडे प्रार्थना सोडून दुसरा शब्द नाही. म्हणजे तुझा तिसरा भाग बरोबर असेल. मला आजीची आठवण येते आणि मी त्याला देवाचं नाव देते. असेल. पण उलटंही असू शकतं ना, की देवाचं नाव मी घेते आणि प्रत्येक वेळी तिथे आजीच येते, पिठाचे हात घेऊन. मी चाळिशीत आहे आणि मला हे दोन वेगळे करता आलेले नाहीत.

तुझ्यावर याचं ओझं नको. तू चर्चला नाही आलीस तर मला वाईट वाटेल, हे खोटं कशाला बोलू, पण मी तुला ओढणार नाही. भाकरी थापायला शिक असंही म्हणत नाही, तुझ्या बाबाला वीस वर्षांत जमली नाही.

आजोबांनी परत बेल वाजवली, पाणी हवंय. जाते.

मी साडेसातपर्यंत येते. ओट्यावर स्टीलच्या डब्यात चानकी आहे, जायच्या आधी केलेली, आता कडक झाली असेल. तुला द्यावीशी वाटली तर कोमट पाण्यात भिजवून दे, डावीकडचे दात दुखतात त्याचे. नाहीतर राहू दे, आल्यावर मी देईन. आणि कांद्याची चटणी त्याच डब्याच्या वरच्या खणात आहे, ती त्याला चुकूनसुद्धा देऊ नकोस, कुत्र्याला कांदा विष असतो.

आई