कॉन्फरन्ससाठी जर्मनीतल्या ग्योटिंगनला जातोय, एक दिवस मोकळा मिळेल. गाव बघू की बर्लिनला जाऊन येऊ? शाकाहारी आहे.

बर्लिनला जाऊ नका. जाऊन-येऊन पाचेक तास गाडीत जातील आणि ब्रांडेनबुर्ग गेटसमोर फोटो काढून परत याल. तो फोटो सगळ्यांकडे असतो.

मी गणित शिकवतो, पुण्यात. काही वर्षांपूर्वी तिथल्याच एका कॉन्फरन्सला आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांबरोबर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारचं सेशन माझ्या विषयाचं नव्हतं, म्हणून सरांना सांगूनच बाहेर पडलो. स्टेशनाच्या पलीकडे पश्चिमेला चालत गेलं की शहराची दफनभूमी लागते. माक्स प्लांक, माक्स बोर्न, ओटो हान, हे नोबेलवाले शास्त्रज्ञ सगळे तिथेच. प्लांकच्या दगडावर पदव्या नाहीत, भौतिकशास्त्रातल्या त्याच्या नावाच्या स्थिरांकाची किंमत आहे. आणि गणिती हिल्बर्टच्या दगडावर दोनच ओळी: आपल्याला कळलंच पाहिजे, आपल्याला कळणारच.

एमएस्सीला त्याच्याच नावाच्या हिल्बर्ट स्पेस या विषयानं माझं एक वर्ष खाल्लं होतं. तिथल्या बाकावर तासभर बसलो आणि घरून आणलेली शेवटची दशमी खाल्ली. रात्री फोनवर आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "आल्यावर आंघोळ केलीस ना?"

परत आल्यावर सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "हे कॉलेजच्या पैशानं स्मशान बघून आले." हशा पिकला. मी गप्प बसलो, कारण प्रमोशनची फाइल त्यांच्या टेबलावर होती. सरांनी एकही सेशन बुडवलं नव्हतं हे खरं, पण निम्म्यात ते झोपले होते हेही मी शेजारी बसून पाहिलंय. वर म्हणाले, "आणि त्या गावाशी आपला संबंध काय?"

संबंध? फ्रान्झ कीलहॉर्न 1866 पासून पंधरा वर्षं आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती मुंबईत छापली गेली, आणि तिचं काम चालू असतानाच ते ग्योटिंगनला प्राध्यापक म्हणून गेले. शेवटपर्यंत, म्हणजे 1908 पर्यंत, तिथेच होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना 1885 साली याच विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. सर राहतात भांडारकर रोडला.

बाकी गाव लहान आहे, पायी होतं. जुन्या तटाच्या बांधावरून गावाला प्रदक्षिणा घाला. बिस्मार्क विद्यार्थी असताना राहायचा ते बुटकं घर त्याच वाटेवर लागतं. चौकात हंसवाल्या पोरीचं कारंजं आहे, 1901 सालचं. पीएचडी झाली की तिच्यावर चढून तिचा मुका घ्यायचा, अशी तिथली रीत. मूळ पुतळा म्युझियममध्ये हलवलाय, पण मुका घेणाऱ्यांचं त्यावाचून अडत नाही. थोर गणिती गाउसची कबर मात्र वर सांगितलेल्या दफनभूमीत नाही, गावाच्या पूर्वेला आल्बानी चर्चजवळच्या बागेत आहे. मी आधी चुकीच्या ठिकाणी शोधत बसलो होतो. दंगेखोर विद्यार्थ्यांना कोंडायची विद्यापीठाची जुनी कोठडीही आहे, भिंती त्यांच्या चित्रांनी भरलेल्या, पण ती नेहमीच उघडी असते असं नाही, आधी विचारून जा.

शाकाहारी खाण्याचं म्हणाल तर उपाशी राहणार नाही, एवढंच सांगतो. मोकळा दिवस रविवार असेल तर खाऊ शनिवारीच घेऊन ठेवा, दुकानं बंद असतात. आणि हो, स्वतःच्या पेपरचं सेशन बुडवू नका. मी बुडवलं ते दुसऱ्यांचं होतं, हे सरांनाही माहीत होतं.

परतल्यावर कुणी विचारलं तर बेलाशक सांगा, स्मशानात गेलो होतो.