हृदय पूर्ववत झाल्यावर गोळ्या थांबवाव्यात का?

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांना जिना चढताना धाप लागू लागली आणि रात्री तीन उशा घेतल्याशिवाय झोप येईना. टू-डी इकोमध्ये हृदय मोठे झाल्याचे व ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ (प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातील किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते तो आकडा) २८ टक्के असल्याचे दिसले. अँजिओग्राफीत अडथळे आढळले नाहीत. औषधांनी हा आकडा आता ५२ वर आला आहे. ‘हृदय पूर्ववत झाले, मग गोळ्या कशाला?’ असे ते विचारतात. गोळ्या बंद कराव्यात का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : वडिलांच्या प्रकृतीतील सुधारणा खरी आहे आणि वाचून फार बरे वाटले, परंतु गोळ्या बंद करू नयेत.

हृदय मोठे होणे हा मूळ आजार नसून त्याचा परिणाम असतो. जुना रक्तदाब, झडपांचे दोष, हृदयविकाराचा झटका, दारू, विषाणूसंसर्ग, आनुवंशिक दोष अशी त्याची अनेक कारणे आहेत. झडप बिघडली असेल तर ती गोळ्यांनी दुरुस्त होत नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र स्नायू दुर्बल होऊन डावा कप्पा फुगलेला दिसतो, आणि येथे औषधांचा उपयोग मोठा आहे.

हृदयाचा पंप कमी पडला की शरीर अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढवते, मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात. त्यामुळे सुरुवातीला वेळ निभावते, पण हाच ताण महिनोन्‌महिने राहिला की कप्पा आणखी ताणला जातो. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा रॅमिप्रिल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन या चार गटांतील औषधे हा ताण उतरवतात, म्हणून हृदय हळूहळू आकाराने कमी होते. लघवी वाढवणारी गोळी सूज व धाप कमी करते. तिचा डोस डॉक्टर पुढे कमी करू शकतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. ब्रिटनमध्ये अशाच पूर्ववत झालेल्या ५१ रुग्णांवर एक चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची औषधे देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने थांबवली, त्यांपैकी ४४ टक्के रुग्णांचा आजार सहा महिन्यांत उलटला; औषधे चालू ठेवलेल्यांपैकी त्या काळात एकाचाही उलटला नाही. म्हणजे ५२ हा आकडा गोळ्यांच्या आधारावर उभा आहे, असेच समजावे.

वडिलांनी रोज सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, घोट्यावर बोट दाबल्यावर खळगा राहू लागला किंवा पुन्हा जास्तीची उशी लागू लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. पापड-लोणची टाळावीत, सैंधव हेही मीठच आहे, आणि ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असल्याने ते या औषधांबरोबर धोक्याचे ठरू शकते. रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) यांची तपासणी वेळोवेळी करावी. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दुकानातून परस्पर आणू नये, कारण त्याने शरीरात पाणी साठते.

तुम्ही विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगतो. हृदय मोठे होण्याचे ठोस कारण सापडले नसेल, तर आजार आनुवंशिक असू शकतो. म्हणून तुम्ही आणि तुमच्या भावंडांनी, काही त्रास नसला तरी, ईसीजी व इको एकदा करून घ्यावा आणि तो पुन्हा केव्हा करायचा हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.