पुरात गेलेल्या जनावरांची मदत: पंचनाम्यातच सगळं ठरतं

दादा, सप्टेंबर 2025च्या सीना नदीच्या पुरात तुमच्या चार म्हशी, एक बैल आणि सात शेळ्या गेल्या. त्यातली एक म्हैस सापडलीच नाही आणि दोघींच्या कानात बिल्ला नव्हता. मदत किती मिळेल आणि तीनच जनावरांची मिळते हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी दर सांगतो. दुधाळ गाय-म्हशीला 37,500, बैलाला 32,000, वासराला 20,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये. मोठ्या तीनच जनावरांची अट केंद्राच्या निकषात आहे. पण ऑक्टोबर 2025मध्ये राज्य सरकारनं पूरग्रस्तांसाठी पॅकेज जाहीर करताना ती काढली. म्हणजे चारही म्हशी धरायला हव्यात. तुमचा हिशोब 2,10,000 रुपये होतो. चांगली म्हैस आज लाखाच्या खाली दावणीला येत नाही, तेव्हा ही मदत तुटपुंजीच आहे. म्हणूनच त्यातला एक रुपयाही सोडू नका.

खरी मेख पंचनाम्यात आहे. तलाठी आणि जनावरांचे डॉक्टर येतील तेव्हा स्वतः समोर थांबा. सही करण्याआधी प्रत्येक जनावरापुढे काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून घ्या. आटलेली, सात महिन्यांची गाभण म्हैस घाईत ‘भाकड’, म्हणजे दूध न देणारी, म्हणून लिहिली जाते आणि तिथंच दुधाळच्या दरावरून पुढच्या भांडणाला सुरुवात होते. कितवं वेत, किती महिन्यांची गाभण, रेतन (गाभण राहण्यासाठीचं इंजेक्शन) कधी भरलं, हे सगळं लिहायला लावा. रेतनाची नोंद दवाखान्यात असते, ती काढून जोडा.

बिल्ल्याशिवाय भरपाई नाही, हा नियम 1 जून 2024पासून आहे. बिल्ला असलेल्या म्हशींचा बारा अंकी नंबर पंचनाम्यात आलाच पाहिजे. वाहून गेलेल्या म्हशीचा नंबरही दवाखान्याच्या नोंदीत सापडेल. बिनबिल्ल्याच्या दोघींसाठी लाळ्या-खुरकुताच्या लसीची नोंद, डेअरीची दूधबिलं, जुने फोटो, शेजाऱ्यांचे जबाब आणि ग्रामपंचायतीचा दाखला गोळा करा, आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. अख्खा गोठा पाण्यात गेलेल्या माणसाला बिल्ल्यावरून परत पाठवणं मला अजिबात पटत नाही. पण नियम आहे तोवर कागदानंच लढावं लागेल.

मेलेलं जनावर शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. वास सुटला, डॉक्टर येईनात, पुरणं भागच असेल तर कान, शिंगं आणि पूर्ण अंग दिसेल असे फोटो काढा आणि सरपंच-पोलीस पाटलांच्या समोर पुरा.

इथं वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: वीज पडून जनावर गेलं तरी याच दरानं मदत मिळते. बिबट्यानं मारलं तर मात्र वनखात्याकडे 48 तासांत कळवायचं. तिथं गाय-म्हैस-बैलाला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000, यातली कमी असेल ती रक्कम देतात.

आणि दादा, शेळ्या वहिनींच्या असतील तर पंचनामा त्यांच्याच नावानं करा. त्यांचं खातं आधारला जोडलेलं आहे का ते आजच बँकेत बघून या. यादी लागली की प्रत्येक जनावराला कोणता दर लावलाय ते तपासा. चुकला असेल तर लगेच तहसीलमध्ये लेखी हरकत द्या.