कर्ज काढून खत दुप्पट करू का? आधी वाढीव खताचा हिशोब बघू

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीन एकर कोरडवाहू मका, जमिनीचे तीन तुकडे, एक घराजवळ, एक मधला सपाट आणि एक उतारावरचा हलका. गेल्या हंगामात मधल्या तुकड्यात एकरी साधारण 30 किलो नत्र (नायट्रोजन) बसेल एवढा युरिया टाकला आणि पीक डोळ्यात भरण्यासारखं आलं. आता तिन्ही तुकड्यांत मात्रा दुप्पट करायची म्हणताय, निम्मे पैसे बचतीतून आणि निम्मे कर्जातून. बचत किती, तर एक हंगाम घर चालेल एवढीच.

माझं उत्तर आधीच सांगते. कर्ज नको, दुप्पट नको, आणि तिन्ही तुकड्यांना सारखं तर अजिबात नको. पण खत टाकायचंच नाही असंही नाही, उलट काही ठिकाणी ते तुमच्या बचतीवर मिळणाऱ्या कुठल्याही व्याजापेक्षा जास्त देऊन जाईल, फक्त कुठे आणि किती हे ठरवायचंय.

हा हिशोब आपण पैशात न करता धान्याच्या किलोत करू, कारण भाव बदलतात पण वजन बदलत नाही. समजा 1 किलो नत्र विकत घ्यायला तुम्हाला 6 किलो मका विकावा लागतो, वाहतूक आणि टाकायची मजुरी धरून. समजा एकरी पहिल्या 15 किलो नत्राने किलोमागे 25 किलो दाणा वाढला, म्हणजे 375 किलो, खर्च 90 किलोचा. पुढच्या 15 ने किलोमागे 12, म्हणजे 180, खर्च परत 90. आणि आता तुम्ही जे वाढवणार ते 30 किलो, त्याने किलोमागे समजा 4 च, म्हणजे 120 किलो दाणा आणि खर्च 180 चा. आता सगळं एकत्र केलं तर 675 किलो आले, 360 गेले, जवळपास दुप्पट, कोणीही म्हणेल वा! पण 30 वर थांबला असता तर 555 मधून 180 जाऊन हातात 375 उरले असते आणि 60 टाकून उरले 315. म्हणजे दुप्पट करून एकरी 60 किलो मका गमावला, आणि हे कळलंही नसतं कारण एकूण पीक तर जास्तच दिसतंय. लोक इथेच फसतात, सरासरी बघतात आणि वाढवलेल्या खताने वेगळं काय दिलं ते बघत नाहीत.

हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, तुमच्या जमिनीचे वेगळे निघतील, पण वळण असंच असतं. जर्मनीच्या मिट्शर्लिख या मृदाशास्त्रज्ञाने 1909 मध्ये हे सूत्रात मांडलं होतं, की प्रत्येक पुढच्या मात्रेचा फायदा आधीपेक्षा कमी. त्याच्याही आधी श्प्रेंगेल आणि लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांचा नियम आहे की जो घटक सगळ्यात कमी तोच पिकाला अडवतो. म्हणजे जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) नाही, जस्त (झिंक) नाही किंवा पाणीच नाही तर नत्र कितीही ओता, उपयोग नाही.

आता तुकड्यांकडे या, मला जास्त काळजी तिथेच वाटते. घराजवळच्या तुकड्यात वर्षानुवर्षं शेणखत, राख, घरातला काडीकचरा जात असणार, तिथे पीक खताशिवायही बरं येतं, मग खत टाकून वाढ थोडीच दिसते. उतारावरच्या हलक्या तुकड्यात उलटं, माती इतकी खंगलेली असू शकते की खताला प्रतिसादच देत नाही, कुजलेल्या शेणकचऱ्यातून येणारा सेंद्रिय कर्ब नाही म्हणून पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवत नाही, किंवा माती आम्ल असेल तर स्फुरद अडकून बसतो. झिम्बाब्वेत छोट्या शेतकऱ्यांच्या वाळूसट, घरापासून लांबच्या शेतांवर अभ्यास झालाय, तिथे नत्र आणि स्फुरद घालूनही मका फारसा वाढेना, सलग काही हंगाम शेणखत घातल्यावर ती जमीन खताला साथ द्यायला लागली. म्हणून उतारावरच्या तुकड्यात या हंगामात रासायनिक खताचे पैसे घालू नका, शेणखत आणि शेंगवर्गीय पीक तिकडे न्या, तीच तिथली गुंतवणूक, भले परतावा दोनतीन वर्षांनी दिसेल. आणि मधल्या तुकड्यात खत टाका, कारण तिथे ते कमावतं.

केनियातला एक प्रयोग तर मला फारच महत्त्वाचा वाटतो. डुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम केनियात शेतकऱ्यांच्या स्वतःच्याच शेतात मक्याला वेगवेगळ्या मात्रा देऊन वजनं घेतली. उभ्या पिकात रोपामागे अर्धा चमचा खत दिलं तेव्हा एका हंगामात सरासरी 36 टक्के परतावा मिळाला, पण सरकारी शिफारशीचं पूर्ण पॅकेज, संकरित बियाणं आणि पेरणीच्या खतासकट, सरासरी शेतकऱ्याला तोट्याचं ठरलं. शिफारस चुकीची होती असं मी म्हणत नाही, पण ती जास्तीत जास्त उत्पादनासाठी असते आणि तुम्हाला हवाय जास्तीत जास्त शिल्लक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच संशोधकांनी अजून एक गोष्ट पाहिली. मळणी झाल्या झाल्या, हातात पैसे असताना, खत घरपोच फुकट पोचवायची छोटी, मुदतीची सवलत दिली तर खत घेणारे चांगलेच वाढले. पैसे नंतर कशात ना कशात जातात, हे आपल्या सगळ्यांच्याच बाबतीत खरं आहे. म्हणून पुढच्या हंगामापासून मका विकला की त्याच आठवड्यात मधल्या तुकड्यापुरता युरिया घेऊन ठेवा, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच, पिशवी घट्ट बांधून, कारण युरिया हवेतला ओलावा ओढतो. मग पेरणीच्या वेळी कर्जाची गरजच उरणार नाही.

कर्जाला माझा विरोध का, तर खताचा परतावा पावसावर आणि कर्जाचा हप्ता तारखेवर. वरचाच हिशोब पाऊस कमी झाला असं धरून करा, समजा प्रतिसाद निम्मा झाला, तर दुसऱ्या 15 किलोचा खर्च जेमतेम निघतो आणि वाढवलेल्या 30 किलोचे 180 किलो जाऊन 60 च येतात. वर व्याज. वर मळणीच्या वेळी सगळ्यांचाच मका बाजारात आल्यावर पडलेला भाव. खतावर घातलेल्या पैशाच्या निदान दुप्पट धान्य यावं असा एक ढोबळ नियम कृषी अर्थतज्ज्ञ वापरतात, तो याचसाठी, की वाईट वर्षात अंगाशी येऊ नये. मी तर म्हणेन तो नियम वाढवलेल्या प्रत्येक गोणीला लावा, एकूण खताला नाही. आणि बचतीतला घरखर्चाचा भाग हलवू नका, माझी कळकळीची विनंती आहे, एक हंगाम गेला तर तोच तुम्हाला धरून ठेवणार.

वाढीव खतासाठी ठरवलेल्या पैशातला थोडासा भाग तिन्ही तुकड्यांच्या माती परीक्षणाला द्या, वेगवेगळे नमुने, एकत्र करून नको. युरिया टाकताना वर पसरून ठेवू नका, ओल असताना मातीत झाका, नाहीतर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. तण वेळेवर काढा, तुमच्या खताचा पहिला गिऱ्हाईक तेच असतं.

आणि मधल्या तुकड्यात तीन पट्टे आखा, सारख्या लांबीचे, सारख्या ओळींचे. एकाला खत नाही, एकाला गेल्या वेळची मात्रा, एकाला दुप्पट. मळणी वेगवेगळी करा, दाणा सारखाच वाळवून काट्यावर घाला आणि ती तीन वजनं मला पाठवा, दुप्पट करायचं का ते आपण त्यावरून ठरवू.