८८ दिवस आणि एक वही

प्रिय बाळ,

सोडतीत नंबर लागल्याचा तुझा मेसेज काल फळांच्या शेडमधून घरी आल्यावर वाचला. भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाच्या ४६२ व्हिसाच्या (तिथे फिरता फिरता काम करू देणाऱ्या) वर्षाला १,००० जागा, आणि त्यात तुझं नाव! रात्री कितीतरी वेळ झोपच लागली नाही मला.

बॅगेत काय भरू, असं विचारलंयस. बूट, रुंद कडांची टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट हे तुला कुणीही सांगेल. मी एकच वस्तू सांगते. खिशात मावेल अशी एक वही, आणि तिला दोरीने बांधलेलं पेन. कामाच्या पहिल्या दिवसापासून रोज रात्री झोपायच्या आधी त्यात लिहायचं : कुठल्या बागेत गेलीस, तिथला पत्ता पोस्टकोडसकट, मालकाचं नाव आणि एबीएन (तिथला व्यवसाय नोंदणी क्रमांक), किती वाजता सुरू केलंस, किती वाजता थांबलीस, किती बिन (फळांचे मोठे खोके) भरले, वर मुकादम कोण होता.

दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागांत, ठरावीक प्रकारचं काम ८८ दिवस करावं लागतं आणि ते कागदावर दाखवावं लागतं. दोन हंगामांपूर्वी एक मुलगी आमच्या शेडच्या पायरीवर येऊन बसली होती. अकरा आठवडे एका ठेकेदाराच्या हाताखाली राबली होती, पाकिटात रोख पैसे घेऊन. ‘तुझे दिवस मी मोजतोय’, असं तो म्हणायचा. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्याचा फोन बंद. तीन बागांत काम केलं होतं तिने, आणि एकाही मालकाचं नाव तिला सांगता येईना. पगाराची एक स्लिप नाही. मी तिला चहा दिला, दुसरं काहीच देता आलं नाही. ते मला अजून टोचतं.

रोख पैसे मिळणं हा गुन्हा नाही, पण पगारानंतर एका कामाच्या दिवसात स्लिप हातात पडलीच पाहिजे, तसा कायदा आहे. नाही मिळाली तर त्याच आठवड्यात माग. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ दोनदा ऐकलंस की ती बाग सोड. व्हिक्टोरियात आणि क्वीन्सलंडमध्ये मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागतो आणि परवान्यांची यादी सगळ्यांना ऑनलाइन बघता येते. फोन लावायच्या आधी त्याचं नाव तिथे शोध. ‘तू स्वतःचा एबीएन काढ’, असं कुणी म्हणालं तर नाही म्हण. तसं केलंस की कागदावर तू कामगार उरत नाहीस आणि तुझे हक्क त्याच्या सोयीने गळून पडतात. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नकोस.

बिनांसोबत तास का लिहायचे, तेही सांगते. बिनमागे दर ठरवून काम दिलं की पूर्वी नवख्या पोरांच्या हाती दिवसाअखेर काहीच पडायचं नाही. २८ एप्रिल २०२२ पासून नियम बदलला. बिन कितीही कमी भरले तरी तासाच्या किमान मजुरीखाली तुला देता येत नाही. पण तास किती झाले याची नोंद फक्त मालकाकडेच असेल, तर भांडणार कशावर? पैसे बुडाले तर फेअर वर्क ऑम्बुड्समन या सरकारी कामगार कार्यालयाकडे तक्रार फुकट करता येते, तिथेही ही वहीच कामाला येईल.

वूफिंगबद्दलही, म्हणजे शेतावर राहून बिनपगारी काम करण्याबद्दलही, विचारलंस. १९७१ मध्ये लंडनमधल्या स्यू कॉपर्ड या सेक्रेटरी बाईंनी, शहरातल्या माणसांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर जाता यावं म्हणून ते सुरू केलं. मला त्याबद्दल खरंच आदर आहे. दिवसाचे काही तास काम, बदल्यात जेवण आणि राहायला जागा, आणि माती कशी वाचायची ते शेतकऱ्याकडूनच शिकायचं. पण १ डिसेंबर २०१५ पासून बिनपगारी काम व्हिसाच्या दिवसांत धरत नाहीत. म्हणून आधी पगाराचे ८८ पुरे कर, मग निवांत जा.

आता काम. मी पहिले दोन हंगाम नाशपती तोडल्या, शेडमध्ये नंतर आले. छातीवर कॅनव्हासची पिशवी असते, भरली की अठरा-वीस किलो. तिपायी शिडीवर उभं राहून फळ तळव्यात घ्यायचं आणि ओढायचं नाही, वर उचलायचं. फळ तोडणीला तयार असेल तर देठ सांध्यावर आपोआप सुटतो. ओढलंस तर देठ तुटतो किंवा पुढच्या वर्षीचा डोळा फळाबरोबर निघून येतो. पहिल्या दिवशी मी पिशवी बिनवर उंच धरून रिकामी केली. मुकादम काही बोलला नाही, त्याने त्यातली एक नाशपती बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या हातात दिली. अंगठ्याएवढे चार तपकिरी डाग. तेव्हापासून पिशवी बिनच्या तळाशी टेकवून, खालचा पडदा हळू सोडून फळं घरंगळू द्यायची सवय लागली. पहिला आठवडा तुझे बिन कमीच भरतील, खांदे रात्री ठणकतील. घाबरू नकोस, हात शिकतात. पारा ४० कडे चालला आणि अंगावर काटा येऊन घाम थांबला, तर शिडीवरून उतर, सावलीत बस, कुणी काही म्हणो.

राहायची जागा पैसे भरण्याआधी डोळ्यांनी बघ. काम मिळवून देतो म्हणणारी वसतिगृहं आधी अनामत घेतात आणि काम ‘उद्या’ असतं. आत गेलीस की बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोध, खिडकी उघडून बघ, धुराचा अलार्म चालतो का विचार. क्वीन्सलंडमधल्या चिल्डर्स गावी २३ जून २००० ला मध्यरात्रीनंतर बॅकपॅकर हॉस्टेलला आग लागली आणि १५ तरुण प्रवासी गेले. तेही तुझ्यासारखेच होते गं. मी कुठल्याही खोलीत शिरले की अजून आधी खिडकी बघते.

टॅक्स फाइल नंबर (करासाठीचा तुझा क्रमांक) आल्या आल्या काढ, फुकट मिळतो. सुपरचा (मालक तुझ्या नावे भरतो त्या निवृत्ती निधीचा) हिशेबही वहीत ठेव, पण देश सोडताना काढलेल्या रकमेवर ६५ टक्के कर जातो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नकोस.

आमच्या व्हिक्टोरियातल्या गोल्बर्न खोऱ्यात जानेवारीच्या अखेरीस विल्यम्स जातीच्या नाशपती तोडणीला येतात. त्याच्या आठवडाभर आधी पोहोच. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून शेपर्टनची व्हीलाइन रेल्वेगाडी मिळते. गाडीत बसलीस की फोन कर, मी स्टेशनवर घ्यायला येते.

तुझी,
मावशी