रोज तीनशे क्रंचेस मारूनही ॲब्स का दिसत नाहीत? घरचं सोलापुरी जेवण खाऊन सिक्स पॅक होतील का?

होतील. पण आता जे करायलास त्याने नाही होणार.

तू लिहिलंयस की वय २३, उंची पाच फूट सहा, वजन ७१, चार महिने रोज तीनशे क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलून पोट आवळायचं), हात लावला तर पोट कडक लागतंय पण आरशात काहीच नाही, आणि आता जिमवाला अठ्ठावीसशेची फॅट बर्नरची, म्हणजे चरबी जाळते म्हणून विकतात त्या गोळ्यांची बाटली घे म्हणून मागं लागलाय. तुला अरे-तुरे करतोय, राग मानू नको, माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे. मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, दिवसभर खुर्चीवर. एकतिसाव्या वर्षी माझं वजन ७८ आणि बेंबीपाशी कंबर ३७ इंच होती, सात महिन्यांत वजन ६८ वर आणि कंबर ३२ वर आली, आणि ॲब्स दिसायला लागले ते पाचव्या महिन्यात. त्याच्या आधी दोन वर्षं मीपण तुझ्यासारखंच करत होतो म्हणून हे सगळं तळमळीने लिहितोय.

तुझं पोट कडक लागतंय म्हणजे स्नायू आहेच. छातीच्या पिंजऱ्यापासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत तो उभा स्नायू असतो, रेक्टस ॲब्डॉमिनिस म्हणतात त्याला, त्याच्यावर आडव्या पांढऱ्या पट्ट्या असतात आणि मधोमध एक उभी रेष, त्यानेच ते चौकोन पडतात. कुणाला चार पडतात, कुणाला सहा, कुणाला आठ, कुणाचे वाकडेतिकडे, ते जन्माचंच असतं, त्यात व्यायामाने बदल होत नाही, म्हणून दुसऱ्याचा फोटो बघून झुरू नको. प्रश्न एवढाच की त्या स्नायूवर चरबीचा थर किती आहे. पुरुषाच्या अंगात चरबी साधारण दहा-बारा टक्क्यांवर आली की चौकोन स्वच्छ दिसतात, पंधराला अंधुक. आणि पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटाचीच चरबी जळेल असं शरीरात होत नाही. चरबी सगळ्या अंगातून उतरते आणि आपल्या पुरुषांच्यात पोटावरची बहुधा सगळ्यात शेवटी जाते. तू चार महिने ज्या जागी घाम गाळला तिथला थर तुझ्या क्रंचेसना दादच देत नाही.

आपल्या लोकांचा अजून एक घोळ आहे, हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण मोजलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा नॉर्मल म्हणतो त्याच्यावर आपण विसंबायचं नाही. तू टेप घे. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर गेली की नुसतं दिसण्याचं राहत नाही, शुगर-बीपीचा रस्ता तिथून सुरू होतो. तू प्रश्नात कंबर लिहिलीच नाहीस बघ, मला आधी तीच हवी होती.

आता जेवण. मी भाकरी सोडली नाही, तूपण सोडू नको, ज्वारीच्या भाकरीने कुणाचं पोट सुटत नाही. माझं गणित चुकत होतं ते चटणीत. आपली शेंगाचटणी कशी असते, शेंगदाणे इतके कुटायचे की त्यांचंच तेल सुटून चटणी ओलसर होते, मग ताटात घेऊन वर परत तेलाची धार. एकदा रविवारी बायकोने भाजी तोलायचा छोटा काटा आणला होता, मी सहज म्हणून माझ्या ताटातली चटणी वाटीत काढून त्यावर ठेवली तर साठ ग्रॅम भरली. शेंगदाणा शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी देतो, म्हणजे साठ ग्रॅमला साडेतीनशे झाल्या, वरचं तेल दोन छोटे चमचे धरलं तर सव्वाचारशेच्या आसपास, आणि हे दोन्ही वेळा!! मी तोपर्यंत चटणीला तोंडीलावणंच समजत होतो. दोन भाकरी खाल्ल्या एवढ्या कॅलरी एका कोपऱ्यातून पोटात जात होत्या आणि मी भाकरी अर्धी करू का म्हणून बायकोशी वाद घालत होतो. त्या दिवसापासून चटणी दोन छोटे चमचे, तेलाऐवजी दही. बाकी महिनाभर काही बदललं नाही तरी कंबर एक इंच उतरली.

तुझ्या वजनाला, बैठं काम आणि रोजचा व्यायाम धरला तर दिवसाला साधारण २३०० कॅलरी लागत असतील, तर १९०० च्या आसपास खा, म्हणजे रोज चारशेची तूट. एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, तर तीन आठवड्याला एक किलो उतरतं, सावकाश वाटेल पण स्नायू टिकतो. उपाशी राहून महिन्यात सात-आठ किलो उतरवशील तर त्यात स्नायूपण जातो आणि पोट नुसतं चप्पट दिसतं, चौकोन दिसत नाहीत.

आणि प्रोटीन, वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम, तुला शंभर-एकशे दहा रोज. ऐकायला खूप वाटतं पण घरात जमतं. सकाळी चार अंडी म्हणजे २४, दिवसभरात तीन भाकऱ्यांतून १८, वाटीभर घट्ट डाळ ८, वाटीभर दही ७, संध्याकाळी मूठभर फुटाणे ८, झोपताना कपभर दूध ८, आणि रात्रीच्या भाजीत कोरड्या सोयाबीन वड्या पन्नास ग्रॅम घातल्या तर त्यातून २५-२६. झाले शंभर. चिकन खात असशील तर वड्यांच्या जागी दीडशे ग्रॅम चिकन, रस्सा कमी, कारण काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर जे तरंगतं ते सगळं तेलच असतं. पावडर घ्यायचीच असेल तर घे, वाईट नाही, पण या हिशेबात गरज पडत नाही. भाजीचं तेल मात्र आईला सांगून डोळ्यासमोर मोजून घालायला लाव, मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी.

व्यायामावर माझं मत जरा वेगळं आहे. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधी नंदीध्वजांचा सराव चालतो तो कधी जवळ उभं राहून बघितलास का? मी दरवर्षी जातो. एवढी उंच काठी पेलून माणूस चालतो, वारा आला की वरचं टोक झुकतं आणि त्या क्षणी त्याचं अख्खं धड खांबासारखं घट्ट होतं, श्वास पोटात धरलेला, कंबर तसूभर वाकत नाही, पावलं बारीक. पोटाच्या स्नायूचं खरं काम ते आहे, धड वाकू न देणं. क्रंचमध्ये आपण फक्त वाकवतो. म्हणून प्लँक कर, म्हणजे पालथं होऊन कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरायचं, पण तीन मिनिटं लोंबकळत नको, चाळीस सेकंद, पार्श्वभाग आणि पोट पूर्ण आवळून. डेड बग कर, पाठीवर झोपून, कंबर जमिनीला चिकटलेली ठेवून एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय आलटून पालटून लांब करायचे, सोपं दिसतं पण नीट केलं तर दहात घाम फुटतो.

आणि स्नायू जाड व्हायला वजन वाढवत न्यावं लागतं, दंडाला जसं लागतं तसंच पोटाला. तीनशेचा आकडा विसर. छातीवर पाच किलोची प्लेट धरून बारा क्रंचेस, तीन सेट, सोपं झालं की साडेसात किलो. बारला लटकून पाय वर घे, पण इथं सगळे चुकतात, नुसते पाय वर गेले तर काम जांघेचे स्नायू करतात, शेवटी कंबर आत वळून वर आली पाहिजे तेव्हा खालचं पोट लागतं. आठ जमले तरी पुरे. आठवड्यात तीन दिवस, वीस मिनिटं, बस. बाकी वेळ बैठका, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), दंड, पुलअप यांना दे. आणि चालणं, मी रोज संध्याकाळी कंबर तलावाला फेऱ्या मारायचो, आठ-नऊ हजार पावलं, उन्हाळ्यात आपल्याकडे बेचाळीस डिग्रीत दुपारी मरायला जाऊ नको, सकाळी सहाला जा.

पाय दाबून धरून झटक्याने सिटअप मारत असशील तर आजच बंद कर. मी तेच करायचो आणि कमरेत असा चमका बसला की तीन आठवडे मोटरसायकलवर बसता येत नव्हतं. बेंबीपाशी फुगवटा येत असेल, खोकल्यावर वाढत असेल, तर हर्निया असू शकतो, आधी डॉक्टरला दाखव मग व्यायाम. आणि कुणी बहीण हे वाचत असेल तर तुमच्या शरीराला चरबी जास्त लागते, अठरा-वीस टक्क्यांना रेषा दिसल्या की तिथं थांबा, त्याच्या खाली नेलं तर पाळी बिघडू शकते. डिलिव्हरीनंतर पोटाच्या मधोमध फट राहिली असेल तर क्रंचेस नकोतच, फिजिओथेरपिस्टला विचारून सुरू करा.

झोप सात तास. मी मार्चएंडच्या हिशेबाला पाच तास झोपायचो त्या महिन्यात कंबर हललीच नाही, रात्री अकराला भूक लागून फरसाणाचा डबा उघडायचा.

आता त्या बाटलीचं. मीपण घेतली होती, कुठल्या जिममध्ये ते सांगत नाही. त्यात मुख्यतः भरपूर कॅफिन असतं. पहिल्याच रात्री छातीत इतकी धडधड झाली की बायको उठून बसली, दोन वाजेपर्यंत आम्ही दोघं गॅलरीत बसून होतो, ती माझा हात धरून. चरबी तर काही गेली नाही. तू पैसे दिले नसशील तर देऊ नको, दिले असतील आणि सील फोडलं नसेल तर परत कर, त्या पैशात दोन महिन्यांची अंडी येऊन वर पैसे उरतील. रविवारी सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, बेंबीपाशी टेप लावून कंबर मोज, पोट आत न ओढता, आणि आकडा इथंच खाली लिही. तुझा आकडा बघून पुढचं सांगतो.