बाबांना दहा नंबरच्या लेणीत घेऊन जा

"मावशी, मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. बारावी कॉमर्स, ८१ टक्के. मला बीएला प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान दोन्ही एकत्र घ्यायचंय. बाबा एका पतसंस्थेत मॅनेजर आहेत. ते म्हणाले एक तरी कामाचा विषय घे, दोन्ही रद्दीत जाणारे नकोत. भांडण नको म्हणून मी घरी सांगितलं बीकॉमचा फॉर्म भरला, आणि भरलाय बीएचा. आईला माहितीये, ती घाबरलीये. मैत्रीण म्हणते या दोन विषयांचा एकमेकांशी संबंधच काय, हे दोन दगडांवर पाय ठेवणं झालं. माझं चुकतंय का?"

अगं, विषय निवडण्यात नाही चुकत, थाप मारलीस ते चुकलंय. आणि त्यात आईला अडकवलंस हे जास्त. बाबा पैशांच्या व्यवहारात केस पांढरे केलेला माणूस, फीची पावती हातात पडली की दोन मिनिटांत कळेल त्यांना, मग ते तुझ्यावर कमी आणि आईवर जास्त चिडतील. आज रात्रीच सांग. जेवताना नको, जेवणं उरकल्यावर सांग, आणि "आईला मीच गप्प बसायला सांगितलं होतं" हे पहिलं वाक्य असू दे. चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. चालतं.

आता मैत्रिणीच्या दगडांचं. सॉक्रेटिसला इसपू ३९९ मध्ये विष प्यायला लावलं हे तत्त्वज्ञानाच्या तासाला कळतं, आणि वाटतं काय मूर्ख लोक, नुसते प्रश्न विचारतो म्हणून मारलं. मग इतिहासाच्या तासाला कळतं की पाचच वर्षांपूर्वी अथेन्स स्पार्टाकडून युद्ध हरलं होतं, त्यानंतर तीस जणांच्या टोळीने गावात रक्तपात केला आणि त्या टोळीचा म्होरक्या क्रिटियस हा सॉक्रेटिसच्या उठण्याबसण्यातला. लगेच तो खटला वेगळा दिसायला लागतो की नाही? शिक्षा बरोबर होती असं नाही म्हणत मी, पण लोक मूर्ख नव्हते, घाबरलेले होते. एकच विषय घेतला असतास तर अर्धीच गोष्ट कळली असती.

पण अथेन्स कशाला, पांडवलेणी तुझ्या घरापासून गाडीवर किती लांब आहे? तुम्ही शाळेच्या सहलीत गेला असाल, फाळके स्मारकात डबा खाल्ला असेल, वर जाऊन फोटो काढले असतील आणि भिंतीवर काय कोरलंय ते कुणी सांगितलं नसेल (आम्हालाही नव्हतं सांगितलं, मी ते पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं). दहा नंबरच्या लेणीत नहपान नावाच्या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, साधारण १९०० वर्षांपूर्वीचे, ब्राह्मी लिपीत. त्यातल्या एकात तो सांगतो की मी ही लेणी बौद्ध भिक्खूंच्या संघाला दिली आणि सोबत ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले. कुठे ठेवले, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघटनांकडे. गंगापूर धरणाच्या रस्त्याचं आपलं गोवर्धन, मुक्त विद्यापीठ आहे ना, तेच ते मानतात. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि लेणीत पावसाळा काढणारे भिक्खू वीस, म्हणजे प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, बारा बारा. हिशोब चोख बसतो. वर हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं असंही लिहिलंय, म्हणजे ठराव, नोंद सगळं रीतसर, बाबांना आवडेल असं.

हा झाला इतिहास. आता मला सांग, भिक्खूने सोन्याचांदीला हात लावायचा नाही असा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा नियम, मग त्याच्या नावाने व्याज कसं चालतं? पैसे विणकरांकडे राहिले, त्याला फक्त कापड मिळालं, म्हणून नियम पाळला म्हणायचं का? आणि ज्या विचारात 'मी' नावाची कायमची वस्तूच मानत नाहीत तिथे 'कायमची ठेव' नेमकी कुणाची? हाच उषवदात तीन लाख गाई दान दिल्याचं आणि देवा-ब्राह्मणांना सोळा गावं दिल्याचंही तिथेच कोरून ठेवतो. तीन नंबरच्या लेणीत तर गौतमी बलश्री आपल्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला, 'एकबम्हण', म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणून मिरवते आणि लेणी दान देते बौद्ध भिक्खूंना! यातलं काय इतिहास आणि काय तत्त्वज्ञान हे मला तरी वेगळं करता येत नाही.

बाबांचा नोकरीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नकोस, तो खरा आहे. इतिहासाला बीएड करून शाळा आहे, तत्त्वज्ञानाला शाळेत जागाच नाही, ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आहेत पण जागा मोजक्या. यूपीएससीला दोन्ही वैकल्पिक विषय आहेत पण घेता एकच येतो. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजला पुरातत्त्व, विद्यापीठात पाली, तत्त्वज्ञान, मग नेट, असा रस्ता आहे, लांबचा आहे, आणि पाली, प्राकृत, संस्कृत यातली एक तरी भाषा आल्याशिवाय त्यावर फार पुढे जाता येत नाही. ती पहिल्या वर्षापासूनच सुरू कर. हे आकडेमोड करून बाबांसमोर ठेव, 'मला आवडतं' एवढ्यावर भागणार नाही.

आणि कॉलेजात स्वतः जाऊन विचार की हे दोन विषय तिथे मेजर-मायनर म्हणून एकत्र मिळतात का, तास एकमेकांवर येत नाहीत ना. बहुतेक ठिकाणी बीएला विषय नुसता 'इतिहास' असतो, प्राचीन म्हणजे त्यातला एखादा पेपर, हे कळल्यावर हिरमुसू नकोस. नाहीच जमलं तर २०२२ पासून यूजीसीने एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिलीये, एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी दूरशिक्षणाने. पण खरं सांगू, पहिल्याच वर्षी तो व्याप नको.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत बाबांना घेऊन लेणीवर जा. नाही म्हणाले तर मिसळीचं आमिष दाखव. पायऱ्या चढताना विषयांचं काही बोलू नकोस, त्यांना दम लागेल आणि तुला ओरडा बसेल. वर व्हरांड्यात बसवून ३००० ची गोष्ट सांग, पण २००० पर्यंतच. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे होते, दरमहा शेकडा पाऊण दराने. त्याचं वर्षाचं किती होतं ते त्यांना विचार. तोंडी सांगतील.